शीर, सुई आणि पडदा

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात आजाऱ्याच्या समाचारास गेलेल्या माणसाला घरच्यांकडून एक वाक्य हमखास ऐकावयास मिळते : "शीरच सापडत नव्हती." प्रकृती किती बिघडली होती हे सांगण्यासाठी तापाचा आकडा किंवा रोगाचे नाव यांपेक्षा हे वाक्य अधिक उपयोगी पडते. मोताळ्याच्या बाजारपेठेत ते उच्चारले तरी ऐकणारा 'अरे बापरे' म्हणून थांबतो. पुढचे सांगावे लागत नाही. अंगातले पाणी आटले, रक्तदाब उतरला, की हातापायांच्या शिरा मिटून जातात. सलाईनची निकड सर्वांत अधिक असते नेमकी तेव्हाच सुईला वाट मिळत नाही. मनगट, कोपर, पाऊल असे सर्व करून झाल्यावर अखेर मानेतली किंवा मांडीतली मोठी शीर गाठून तीत कॅथेटर, म्हणजे लांब मऊ नळी, सरकवावी लागते. ही शीर वरून दिसत नाही. तिच्या शेजारून धमनी जाते, आणि मानेत खाली फुप्फुसाचे टोक असते. असे काम बहुधा अतिदक्षता विभागात होते, आणि मोताळ्याच्या माणसाला त्यासाठी बहुधा राजूर घाट चढून बुलढाण्यास, नाहीतर लांब अकोल्यास जावे लागते.

प्रस्तुत लेख या न दिसणाऱ्या शिरेविषयी आहे. अधिक नेमके सांगायचे तर, ती शीर दाखविणारे चित्र कोठे ठेवावे या प्रश्नाच्या इतिहासाविषयी आहे. वाङ्मयीन चर्चेच्या पानावर सुईचे काय काम, असे काही वाचक विचारतील. वस्तू एका ठिकाणी आणि तिची प्रतिमा दुसऱ्या ठिकाणी असली म्हणजे पाहणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न आपण कवितेच्या तासाला पुष्कळ चघळतो. तोच प्रश्न रुग्णाच्या मानेपाशी सुटला नाही तर फुप्फुसाला भोक पडते, एवढाच फरक आहे.

प्रारंभ अर्थातच स्पर्शापासून होतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सिराव्यधाचा, म्हणजे शीर टोचण्याचा, एक स्वतंत्र अध्याय आहे. सातशे शिरांपैकी अठ्ठ्याण्णव शिरांना शस्त्र लावू नये असे ग्रंथकार बजावतो, आणि चुकीच्या वेधाचे वीस प्रकारही देतो. पट्टा बांधून शीर वर उठविण्याची जी युक्ती तो सांगतो, ती आजही प्रत्येक परिचारिका रोज वापरते. पण आम्हांला त्याहून महत्त्वाचे वाटते ते सूत्रस्थानातील सरावाविषयीचे प्रकरण. शिष्याने शास्त्र कितीही वाचले असले तरी हात बसल्यावाचून त्याने रुग्णाला शस्त्र लावू नये, आणि वेधाचा सराव मेलेल्या जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर करावा, असे तेथे सांगितले आहे. कमळाचा देठ ही निवड मोठी मार्मिक आहे. वरून गुळगुळीत, आतून पोकळ. सुई पोकळीत उतरली की नाही हे बोटालाच कळते. डोळ्याने न दिसणाऱ्या पोकळीची ओळख बोटाला करून देणारी ती शाळा होती. आज हेच काम जेलीसारख्या पदार्थात रबरी नळ्या बसवलेली सरावाची प्रतिरूपे करतात.

पुढची कित्येक शतके शरीराच्या आतले चित्र असे काही नव्हतेच, म्हणून ते कोठे ठेवावे हा प्रश्नही नव्हता. तो प्रथम उभा राहिला १९२९ साली, बर्लिनजवळच्या एबर्सवाल्ड या छोट्या गावातील रुग्णालयात. ही कथा पूर्वीही अनेकांनी सांगितली आहे. तीतील एका वस्तूकडे मात्र दुर्लक्ष होते, म्हणून आम्ही ती पुन्हा सांगतो.

व्हर्नर फोर्समान हा तेव्हा जेमतेम पंचविशीचा शिकाऊ डॉक्टर. घोड्याच्या मानेतील शिरेतून नळी थेट हृदयापर्यंत नेल्याचे, गेल्या शतकातील फ्रेंच प्रयोगाचे एक चित्र त्याने पुस्तकात पाहिले होते. हेच माणसात कोपराच्या शिरेतून का करू नये, असे त्याने वरिष्ठांना विचारले. वरिष्ठांनी साफ नकार दिला. तेव्हा त्याने शस्त्रक्रियागृहातील गेर्डा डित्झेन या परिचारिकेचे मन वळविले, कारण निर्जंतुक सामग्रीच्या किल्ल्या तिच्याकडे होत्या. प्रयोग आपल्यावर व्हावा अशी तिची तयारी होती. त्याने तिला टेबलावर बांधले, तिच्या दंडाला काही केल्याचे भासविले, आणि तिच्या नकळत नळी स्वतःच्याच डाव्या कोपरातील शिरेत सरकवली. मग तिला सोडवून, दंडातून नळी लोंबत असताना, दोघे जिना उतरून क्ष-किरणांच्या खोलीत गेली. तेथे एक सहकारी धावत आला आणि नळी ओढून काढू पाहू लागला. त्यालाही फोर्समानने हुसकावले. पासष्ट सेंटीमीटर लांबीची, मुळात मूत्रमार्गासाठी बनवलेली ती नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत पोचली आणि छायाचित्र घेतले गेले.

दुर्लक्षित राहणारी वस्तू म्हणजे आरसा. क्ष-किरणांचा पडदा फोर्समानच्या छातीपुढे होता, त्यामुळे त्यावरचे चित्र त्याला स्वतःला दिसणे शक्य नव्हते. म्हणून त्या पडद्यासमोर आरसा धरला गेला. नळी पुढे सरकविणारा हात त्याचा, नळी त्याच्याच देहात, चित्र पडद्यावर, आणि डोळे आरशात! हृदयातील पहिल्या कॅथेटरची ही चार ठिकाणी विभागलेली अवस्था लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे आलेली सारी उपकरणे या चार जागा कमी करण्याच्या खटपटीतून जन्मली आहेत.

फोर्समानच्या वाट्याला कौतुकापेक्षा उपहास अधिक आला. त्याने ते क्षेत्र सोडले आणि तो मूत्ररोगांकडे वळला. (मध्यंतरी तो नाझी पक्षाचा सभासदही झाला होता. शूर प्रयोगाच्या कथेत हे वाक्य बहुधा गाळले जाते. आम्हांला ते गाळणे बरोबर वाटत नाही.) न्यूयॉर्कच्या कुर्नां व रिचर्ड्स यांनी त्याची वाट पुढे नेली, आणि १९५६ मध्ये नोबेल पारितोषिक तिघांना मिळून देण्यात आले. त्याआधी १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगरने आज सर्वत्र चालणारी रीत सांगितली : सुई आत घालावी, सुईतून तार सोडावी, सुई काढून घ्यावी, आणि तारेवरून नळी सरकवावी. भल्यामोठ्या नळीसाठी भलेमोठे भोक पाडण्याची गरज त्यामुळे संपली. राहिला तो पहिल्या टोचणीचा प्रश्न.

ही पहिली टोचणी पुढे तीन-चार दशके आंधळीच होती. गळपट्टीचे हाड, मानेवरच्या स्नायूचा त्रिकोण, धमनीचे ठोके यांवरून शीर कोठे असावी याचा अंदाज बांधायचा आणि सुई घालायची. आपल्या भाषेत 'चाचपणी' हा शब्द येथे अगदी चपखल बसतो : चाचपणे म्हणजे बोटांनी तपासणेही, आणि अंधारात वाट शोधणेही. बहुतेकांची शीर पुस्तकात असते तेथेच असते, म्हणून ही रीत चालून गेली. पण काहींची ती धमनीच्या अगदी वर असते, काहींची बारीक असते, काहींची पूर्वीच्या गुठळीने बुजलेली असते; आणि हे कोणाचे तसे आहे हे बाहेरून ओळखता येत नाही. अनुभवी हात अशा वेळी दोनचार टोचण्यांत निभावून नेत. नवशिक्याचे हात शिकत ते रुग्णाच्या मानेवर.

ध्वनिलहरींनी शरीराच्या आतले चित्र काढण्याची विद्या तोवर तयार झाली होती. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांचा पोटातील गाठींवरचा प्रसिद्ध निबंध १९५८ चा. शिरेच्या शोधासाठी तिचा उपयोग मात्र उशिरा, म्हणजे १९७८ च्या सुमारास सुरू झाला. तोही आधी कानाने : रक्तप्रवाहाचा आवाज ऐकून शीर कोठे ते ठरविले जाई. ऐंशीच्या दशकात सुई आत जात असतानाच पडद्यावर शीर पाहण्याची सोय झाली. पडद्यावर दोन काळी वर्तुळे दिसतात. सोनोग्राफीचा प्रोब हलकेच दाबला की एक मिटते, दुसरे मिटत नाही. मिटते ती शीर, धडधडत राहते ती धमनी. एवढ्या साध्या खुणेने हजारो वर्षांची चाचपणी संपावी, हे आम्हांला आजही अद्भुत वाटते. २००२ मध्ये ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने मानेतील शिरेत नियोजित कॅथेटर घालताना हीच पद्धत पसंत करावी अशी शिफारस केली, आणि वाद बहुतांशी मिटला.

तरीही सुई चुकतच राहिली. कमी चुकू लागली, पण चुकत राहिली. याचे कारण पडद्याच्या जागेत आहे. रुग्ण समोर, प्रोब डाव्या हातात, सुई उजव्या हातात, आणि चित्र मात्र बाजूला, कधी कधी पाठीमागेच, गाडीवर ठेवलेल्या यंत्राच्या पडद्यावर. डॉक्टरने हाताकडे पाहावे तर शीर दिसत नाही, शिरेकडे पाहावे तर हात दिसत नाही. आरशात पाहून अंगावरच्याच सदऱ्याला बटण लावून पाहिलेल्या माणसाला ही अडचण समजेल. त्यात आणखी एक फसगत आहे. ध्वनिचित्र म्हणजे देहाचा एक अगदी पातळ काप. त्यात सुई आडवी छेदली गेली तर नुसता एक चमकता ठिपका दिसतो. तो ठिपका टोकाचा की मधल्या भागाचा हे चित्र सांगत नाही. टोक शिरेची पाठ भेदून पुढे गेलेले असते आणि पडद्यावर सर्व ठीक दिसते. डोळ्याला मिळालेली खात्रीच येथे हाताला फसवते.

या अडचणीवर दोन दिशांनी उत्तरे शोधली गेली. पहिली दिशा चित्र डोळ्यांपाशी आणण्याची. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड याने डोक्यावर चढविण्याचा पडदा बनविला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. त्याच वाटेने १९९२ मध्ये उत्तर कॅरोलायना विद्यापीठातील बजुरा, फुक्स आणि ओहबुची यांनी ध्वनिचित्र थेट रुग्णाच्या देहात, ज्या जागेचे ते आहे त्या जागी, पाहता येईल असे शिरस्त्राण तयार केले. चित्र थरथरे, मागे पडे, पोटावर चिकटविल्यासारखे भासे. पण कल्पना सिद्ध झाली.

दुसरी दिशा आम्हांला अधिक मोहक वाटते, कारण तीत पुन्हा आरसा आहे. पिट्सबर्गच्या जॉर्ज स्टेटन यांनी २००० च्या सुमारास प्रोबवरच एक छोटा पडदा आणि एक अर्धपारदर्शक काच बसविली. काचेतून रुग्णाचा दंड दिसतो, आणि काचेवर परावर्तित झालेले ध्वनिचित्र नेमके त्या दंडाच्या आत, शिरेच्या खऱ्या खोलीवर, तरंगताना दिसते. डोक्यावर काही घालावे लागत नाही. शेजारी उभ्या असलेल्यालाही तेच चित्र त्याच जागी दिसते. फोर्समानच्या आरशाने चित्र नुसते डोळ्यांपर्यंत पोचविले होते. स्टेटनच्या आरशाने ते देहात परत नेऊन ठेवले. मानसशास्त्रज्ञ रोबर्टा क्लाट्झ्की यांच्या साहाय्याने त्यांनी हेही तपासले की, बाजूच्या पडद्यावर पाहणारी माणसे लक्ष्याची खोली प्रत्यक्षाहून कमी समजतात. चित्र जागच्या जागी असले तर ही चूक जवळजवळ नाहीशी होते. दंडातून घालावयाच्या लांब कॅथेटरसाठी हे यंत्र खऱ्या रुग्णांवर वापरलेही गेले. बाजारात मात्र ते रुळले नाही.

रुळू पाहिले ते चष्मे. गूगलचा चष्मा २०१३ मध्ये आला आणि डॉक्टरांनी लगेच त्यावर ध्वनिचित्र आणून पाहिले. २०१४ च्या एका अमेरिकी अभ्यासात, मानेच्या प्रतिरूपावर सुई घालताना, चष्मा लावलेल्यांची मान कमी वेळा वळली. पण वेळ अधिक लागला आणि सुईची दिशाही अधिक वेळा बदलावी लागली. चष्म्याच्या कोपऱ्यातला तो इवलासा पडदा डोळ्यांजवळ आला होता खरा, पण शिरेजवळ आला नव्हता. आमच्या मते हा अभ्यास अपयशाचा असूनही मोलाचा आहे. चित्र जवळ असणे आणि चित्र जागेवर असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यात दिसते. अर्थात हा नियम सर्वत्र लावता येत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठातील चाचणीत, दोन वर्षांखालील ११६ मुलांच्या मनगटातील धमनीत कॅथेटर घालताना, चष्म्यावर चित्र पाहणाऱ्या डॉक्टरांना पहिल्याच प्रयत्नात ८७.९ टक्के मुलांत यश आले. बाजूचा पडदा पाहणाऱ्यांना ७२.४ टक्के मुलांत. तान्ह्याचे मनगट हाताखाली ठेवून मान वळवावी लागणे ही केवढी अडचण असते, याचे हे माप आहे. उपकरणांचे आयुष्य मात्र अल्प. गूगलने तो चष्मा २०२३ मध्ये कायमचा बंद केला, आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या होलोलेन्सचे उत्पादन २०२४ मध्ये थांबविले. सुश्रुताचा पट्टा अजून वापरात आहे.

येथवर कथा परदेशातली झाली. १९९२ च्या त्या शिरस्त्राणातून पाहिलेला पहिला देह कोणाचा होता, हे आम्ही मुद्दाम मागे ठेवले होते. तो गरोदर स्त्रीचा होता. पोटातला गर्भ पोटाच्या जागीच दिसावा, हे त्या संशोधकांना आपल्या यंत्राचे सर्वांत सुंदर प्रात्यक्षिक वाटले असणार. त्याच काळात महाराष्ट्रात मात्र हेच दृश्य कायद्याच्या कलमांत शिरत होते.

मुंबईत १९८६ च्या सुमारास स्त्री-संघटना, डॉक्टर व कार्यकर्ते यांनी गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध मोहीम उभारली. त्यातून महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला तसा कायदा केला, आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. आरंभी रोख गर्भजलपरीक्षेवर होता. सोनोग्राफी स्वस्त झाली तसा तो पडद्यावर आला. २००३ च्या दुरुस्तीनंतर तर प्रत्येक यंत्राची नोंद आणि प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीचा तपशील ठेवणे अटळ झाले. तरीही बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९०८ होत्या, त्या २०११ मध्ये ८५५ उरल्या. राज्याचा आकडा ८९४ होता. मोताळा तालुक्याच्या शाळांतले वर्ग डोळ्यांसमोर आणले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. कोल्हापूरचे तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफीच्या यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे चित्र टिपून ठेवणारे उपकरण जोडविले, आणि २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले. हेच देशमुख २०१८ च्या बडोदा साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. 'सावित्रीच्या गर्भात मारलेल्या लेकी' हा त्यांचा कथासंग्रह याच अनुभवातून आला. पडद्याकडे पाहणाऱ्या डॉक्टरकडे पाहणारा दुसरा पडदा, अशी ही रचना होती.

२०१२ मध्ये नियमांत आणखी एक भर पडली : हातात धरून नेता येणारी सोनोग्राफी यंत्रे नोंदणीकृत आंतररुग्ण सेवेच्या आवारात किंवा फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणूनच वापरावीत. त्यामागचे कारण उघड होते. गाडीत यंत्र घालून गावोगाव लिंग सांगत फिरणारे लोक होते. पण मानेतली शीर शोधण्यास जे यंत्र लागते ते नेमके हेच, खाटेपाशी नेता येणारे. भूलतज्ज्ञाला पुरुषाच्या मानेत कॅथेटर घालावयाचे असले तरी यंत्र त्याच कायद्याखाली नोंदवावे लागते, कारण प्रोब गर्भ आणि शीर यांत भेद करीत नाही. ज्यांना चित्र शिरेपाशी न्यावयाचे आहे त्यांना, चित्र एका खोलीत खिळवून ठेवणाऱ्या नियमांशी झगडावे लागते. डॉक्टरांच्या संघटनांनी याबद्दल वारंवार गाऱ्हाणी मांडली आहेत. ती खोटी नाहीत. परंतु कायदाच शिथिल करावा ही त्यांतील काहींची मागणी आम्हांला मान्य होत नाही. ८५५ हा आकडा ज्या जिल्ह्याने पाहिला तेथे तशी मागणी करणाऱ्याने आधी त्या आकड्याचे उत्तर दिले पाहिजे. शिरांपुरतेच उथळ पाहू शकणारे, पोटाच्या खोलीपर्यंत पोचूच न शकणारे प्रोब वेगळ्या नियमाखाली आणता येतील का, हा विचार अधिक फलदायी वाटतो.

चष्म्याने तर हा प्रश्न नव्याने उभा केला आहे. भिंतीकडे वळविलेला का असेना, खोलीतला पडदा खोलीतल्या सर्वांसाठी असतो. त्याला साक्षीदार असतात. चष्म्यातले चित्र एकाच माणसाचे असते. शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ते दिसत नाही, परिचारिकेला दिसत नाही, चूक होताना 'थांबा' म्हणू शकेल अशा कोणालाही दिसत नाही. म्हणूनच, बाजारात हरलेला असला तरी, स्टेटनचा आरसा आम्हांला चष्म्याहून सरस वाटतो : त्यातले चित्र जागेवरही होते आणि चारचौघांतही.

या भागातल्या एका रुग्णालयात, काही वर्षांपूर्वी, आम्ही एका रात्री तान्ह्या मुलाला सलाईन लावताना पाहिले. शीर सापडत नव्हती. परिचारिकेने खोलीतला दिवा मालवायला सांगितला, मुलाच्या आजीच्या हाती बॅटरी दिली आणि तिचा उजेड मुलाच्या तळहाताखालून धरायला लावला. हात कंदिलाच्या काचेसारखा तांबूस उजळला, आणि त्यात शिरांच्या काळ्या रेषा स्पष्ट उमटल्या. मानेतल्या खोल शिरेसाठी या युक्तीचा काही उपयोग नाही. उजेड तेथवर पोचत नाही. पण त्या हाताकडे आजी पाहत होती, आई पाहत होती, दारात उभे असलेले आम्ही पाहत होतो, आणि सुई जिथे जायची होती तिथेच चित्र होते. "आजी, हलवू नका," परिचारिका म्हणाली, आणि वाकली.